मामाचे घर

विलंबित ख्याल पुरता रंगल्याशिवाय द्रुताची घाई नको, ही ग्वाल्हेरची आमची सवय. म्हणूनच भाच्याने दाखवलेल्या ‘ड्रॅगन एज’ या कॉम्प्युटरवरच्या दोन खेळांपैकी मला २००९ चा पहिला भावला. लढाई मध्येच थांबवून प्रत्येक सोबत्याचा डाव ठरवावा लागतो. तळावर त्यांच्याशी निवांत बोलता येते. २०११ चा दुसरा एकदम द्रुतच! बटण दाबले की वार. गुहाही त्याच त्या, पुन्हा पुन्हा.

कथा मात्र दुसऱ्याचीच संथ. पहिल्यात देशभर भटकंती, तर इथे हॉक नावाचा नायक आई आणि एका भावंडासह संकटातून पळून कर्कवॉल या परक्या शहरात येतो, आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो. आधी मामाच्या कोंदट घरात, पुढे आजोळच्या वाड्यात. (वाडा मामाने कर्जापायी घालवलेला, हे सांगताना भाचा जरा जास्तच रंगला होता.) त्याच्या देशचे निर्वासित तिथे परकेच राहतात.

आमचे घराणे १८१० मध्ये शिंद्यांच्या छावणीबरोबर लष्करात आले. शेजारी अजून विचारतात, “आप लोग महाराष्ट्र में कहाँ के हैं?”