बाई, चाक कोण फिरवतं?

बालमित्रांनो, आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. शिक्षकही चुकतात बरं का! फक्त ते लवकर कबूल करत नाहीत. मीसुद्धा आठ दिवस केली नव्हती.

मी मावळातल्या एका लहानशा गावात चौथीच्या वर्गाला शिकवते. पावसाळ्याचे दिवस होते. पाऊस शाळेच्या पत्र्यावर असा कोसळत होता की शेजारच्या वर्गातले पाढेही ऐकू येत नव्हते. विषय होता, वीज कुठून येते? मी फळ्यावर लोणावळ्याचे वलवण धरण काढले. तिथले पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरते, चाकावर जोरात आदळते, चाक गरगर फिरते आणि वीज तयार होते. १९१५ सालापासून खोपोलीत अशी वीज होते आहे.

मग मी जरा ऐटीत म्हणाले, "आणि तारापूरला अणूपासून वीज करतात!"

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, तिथं चाक कोण फिरवतं?"

"अणूला चाकबिक लागत नाही. सरळ अणूतूनच वीज निघते. खाली बस."

वर्ग हसला. ती खाली बसली.

त्या रात्री मला चैन पडेना. मी पुस्तक काढून वाचले, आणि काय सांगू! चाक असतेच. युरेनियमचा अणू फुटला की उष्णता निघते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण वाफेने कसे थडथडते? तशीच, पण फार मोठ्या जोराची वाफ चाक फिरवते. खोपोलीला चाक पाणी फिरवते, तारापूरला वाफ. पोरीचा प्रश्न अगदी बरोबर होता!

दुसऱ्या दिवशी सांगून टाकायला हवे होते. पण लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू, असे करता करता आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत त्या मुलीने एकदाही हात वर केला नाही. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, असे मी डी.एड.च्या परीक्षेत छान अक्षरात लिहिले होते. मार्कही मिळाले होते!

त्याच सुमारास मी डॉ. अनिल काकोडकर यांच्याविषयी वाचत होते. त्यांचा जन्म १९४३ सालचा. आईवडील दोघेही स्वातंत्र्यसैनिक. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि १९६४ मध्ये ट्रॉम्बेच्या अणुसंस्थेत रुजू झाले. तीच आजचे भाभा अणुसंशोधन केंद्र. पुढे इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला जाऊन १९६९ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. विषय कोणता, ठाऊक आहे? यंत्राच्या भागावर कुठे, किती ताण पडतो, हे प्रयोग करून मोजायचे! तुम्ही म्हणाल, यात अणू कुठे आला? तीच तर गंमत आहे. अणुभट्टी म्हणजे नुसता अणू नव्हे. नळ, सळ्या, झडपा, पाणी, सगळे आलेच.

ट्रॉम्बेला 'ध्रुव' नावाची अणुभट्टी आहे. ती विजेसाठी नाही, संशोधनासाठी आहे. ती उभारण्यात काकोडकरांचा मोठा वाटा होता. ऑगस्ट १९८५ मध्ये ती सुरू झाली आणि एक अडचण उभी राहिली. वेगाने वाहणाऱ्या जड पाण्यामुळे इंधनाच्या सळ्या थरथरू लागल्या. त्यांचे वेष्टन खराब होऊ लागले. पुराच्या ओढ्यात काठी धरून पाहा (मोठ्या माणसांना बरोबर घेऊनच हं!), हाताला कशी थरथर लागते! आपल्या इंजिनिअरांनी सळ्या का थरथरतात ते शोधले, त्या घट्ट धरून ठेवण्याची रचना बदलली आणि १९८८ मध्ये ध्रुव पूर्ण १०० मेगावॉटवर चालू लागली. आधी 'का ते कळत नाही' असे त्यांना म्हणावेच लागले असणार. नाहीतर शोधायचे काय?

हे वाचले आणि दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. तिचा प्रश्न बरोबर होता." वर्ग एकदम गप्प झाला. ती मुलगी मात्र लगेच उभी राहिली. जणू प्रश्न तयारच ठेवला होता!

"बाई, चूल विझवली तरी निखारे तापलेलेच असतात. तिथं पण तसंच होतं का?"

होते! अणुभट्टी बंद केल्याक्षणीसुद्धा सुमारे सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते. मग ती हळूहळू कमी होते. म्हणून बंद भट्टीलाही पाणी लागते. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या बंद झाल्या होत्या. पण त्सुनामीने पंपांची वीज गेली आणि पुढचा अनर्थ घडला. मग पंपाशिवाय भट्टी गार ठेवता येईल का? गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, गार पाणी खाली येते; त्याचाच उपयोग करायचा. त्यासाठी प्रयोगशाळेत उंच नळ उभारतात, ते विजेने तापवतात आणि पाणी कसे फिरते ते मोजत बसतात. अशा प्रश्नांवर कितीतरी ताई-दादा वर्षानुवर्षे काम करून पीएच.डी. मिळवतात.

आता आमच्या फळ्याचा एक कोपरा राखून ठेवलेला आहे. वर लिहिले आहे, 'बाईंना माहीत नाही'. त्याखाली मुले प्रश्न लिहितात आणि उत्तर सापडले की पुसतात. सध्या तिथे सात प्रश्न आहेत. त्यांतले चार तिचे आहेत!