सासूबाईंचा बिडाचा तवा

वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या दाभोळात खाऱ्या, दमट हवेने लोखंड लवकर गंजते. तेथील एका व्यापारी घरात सासूबाईंच्या निधनानंतर पडवीत राहिलेला बिडाचा तवा दोन पावसाळ्यांत तांबडा झाला. भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेला तो तवा सुनेने परत उचलला. काथ्या आणि खडेमिठाने गंज घासून काढला. धुऊन लगेच शेगडीवर वाळवला. तेलाचा पातळ हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवला. असे चार वेळा केले. तापलेल्या तेलाचा कठीण थर बिडावर बसला, की पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही.

पहिले घावन चिकटले. तिसरे मात्र जाळीदार, अखंड सुटले. ते सासऱ्यांच्या ताटात वाढले. पुष्कळ दिवसांनी त्यांनी आणखी एक मागितले.