भावयादीत नसलेला रकाना

वऱ्हाडातले नेर गाव आणि भोवतालचा मुलूख १८०३च्या देवगावच्या तहानंतर निजामाकडे राहिला. वर्धा नदीपलीकडे नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते. १८५३मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. अशा मुलखात अनेक टांकसाळींची नाणी एकत्र फिरली आणि आज ती ओळखणे कठीण जाते. राज्य कोणाचेही असो, नाण्यावर नाव बहुधा मुघल बादशहाचेच असे. ठसा चकतीहून मोठा असल्याने टांकसाळीचे नावही पुष्कळदा अर्धवट उमटे. अशा अप्रसिद्ध मालिकांचा माग जुन्या भावयाद्यांतून लागतो.

जेम्स प्रिन्सेपने १८३४मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत देशोदेशीच्या रुपयांची वजने, चांदीचा कस आणि किंमत मांडली. सराफ ज्या हिशेबाने बट्टा कापत, तो येथे छापील झाला. पुढच्याच वर्षी १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, कंपनीचा रुपया प्रमाण ठरला आणि स्थानिक रुपये हळूहळू मुशीत गेले. चलनासाठी केलेली ती कोष्टके आता इतिहासाचे साधन आहेत.

संग्राहकांसाठीची क्राउझ आणि मिशलर यांची जागतिक नाण्यांची सूची १९७२मध्ये निघाली. तिच्यात प्रत्येक प्रकाराला क्रमांक आणि नाण्याच्या स्थितीनुसार भाव असतो. जुन्या आवृत्तीतला भाव शिळा होतो, नोंद होत नाही. आवृत्त्या शेजारी ठेवल्या की एखादा प्रकार प्रथम केव्हा नोंदला गेला, पुढे कोणत्या राज्याच्या नावे सरकला, हे कळते. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेने १९८९मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहेश्वरी आणि विगिन्स यांच्या मराठा टांकसाळींवरील ग्रंथाशी या जुन्या नोंदी ताडून पाहता येतात.

मात्र नाणे कुठे सापडले, हे भावयादी सांगत नाही. कोणते चलन कोणत्या गावापर्यंत पोहोचले, हे ठरवायला तीच माहिती लागते. नेरच्या शिवारात निघालेला ढब्बू पैसा गाव न नोंदवता विकला गेला, तर नाणे उरते आणि वऱ्हाडचा पुरावा जातो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८च्या कायद्याने बंधनकारक आहे. किरकोळ नाण्याचेही वजन, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि सापडल्याचे ठिकाण लिहून ठेवणे हे अभ्यासाचे पहिले काम आहे. भावाची चौकशी त्यानंतर.