घारीचं कोटेशन



आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर निलगिरीचं झाड आहे. डिसेंबरात तिथे घारीने काटक्यांचं घरटं केलं, आत चिंध्या अंथरल्या. त्यातलं निळं फडकं आमच्या ओट्याचं, दोरीवरून गेलेलं. घारीची खूण सोपी आहे, शेपटी दुभंगलेली असते. उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर ती पंख न हलवता गोल फिरते आणि शेपटी सुकाणूसारखी वळवून दिशा बदलते. पोळ्या लाटताना मी पाहत राहायची.

मग एका सकाळी तिने पंजात उंदीर आणला. मी खिडकी लावली ती चार दिवस उघडली नाही. खरं सांगते, घरटं पडलं तर बरं, असंही मनात आलं.

फेब्रुवारीत पिलं निघाली आणि घार गच्चीवर येणाऱ्यांवर झेपावू लागली. शेजारच्या वहिनींच्या डोक्याला नख लागलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये फांदी तोडायचं ठरलं आणि कोटेशन सहीसाठी माझ्याकडे आलं. बी.कॉम. म्हणून नऊ वर्षं खजिनदार मीच!

पेन हातात घेतलं आणि अडले. कृत, कारित, अनुमोदना हे आपण लहानपणापासून ऐकतो. अनुमोदना तर मनात होऊनच गेली होती. सही केली की कारितही. उंदीर घारीच्या खात्यात. तिला काही डाळ-भातावर जगता येत नाही. पिलं मात्र माझ्या खात्यात जमा झाली असती.

मग हिशेब मांडला. अंडी उबवायला साधारण महिना, पिलं उडायला पुढे सहा-सात आठवडे. म्हणजे महावीर जयंतीच्या सुमारास घरटं रिकामं. कमिटीला तेवढी मुदत मागितली. वहिनी म्हणाल्या, "तुमचं काय जातंय? लागलं मला." खोटं नव्हतं ते. तेव्हापासून त्यांचे पापड-सांडगे गच्चीवर मी नेऊ लागले, डोक्यावर छत्री धरून. घार मागून येते, चाहूलही लागत नाही. दोनदा छत्रीवर धप्पकन आदळली, काडी वाकली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही पिलं उडाली. कोटेशन बिनसहीचं फाइलमध्ये आहे.

परवा वहिनींनी विचारलं, "आता नाही ना यायची?" घारी पुष्कळदा जुन्याच घरट्याची डागडुजी करून तिथे परत येतात, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.