पावणेनऊचा सूर्य

डिसेंबर आला की नेवाशाहून आत्याचा फोन येतो. "उत्तरायण संक्रांतीला लागतं गं, तू एकवीस तारखेलाच कसला सूर्य पुजतेस?" फोनवर एवढं सगळं मावत नाही, म्हणून इथे लिहिते.

सूर्य उत्तरेकडे वळतो तो 21 किंवा 22 डिसेंबरला. मकरसंक्रांत ठरते ताऱ्यांच्या राशीवरून, आणि पृथ्वीचा आस सावकाश फिरत असल्यामुळे ती सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही दिवस एकत्र होते. प्रवरेकाठी खांबाला टेकून माउलींनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा त्यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर पडलं होतं. आता ते तीन आठवड्यांहून जास्त आहे. तिळगूळ मी संक्रांतीलाच वाटते. पण सूर्य वळतो त्या दिवसाचा मान त्यालाच द्यायला हवा.

नेवाशात हे जाणवत नाही, कारण तिथला सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा. स्टॉकहोममध्ये तो सहा तासांचा: सूर्य पावणेनऊला उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो. त्या दिवशी पावणेबाराला, म्हणजे इथल्या खऱ्या मध्यान्ही, मी मेलारेन तळ्याच्या काठी एक मीटरची काठी रोवते आणि सावली मोजते. जवळजवळ आठ मीटर भरते. त्याच दिवशी नेवाशात तीच काठी रोवली तर सावली मीटरभरही होणार नाही. संक्रांतीपर्यंत इथली सावली सहा मीटरवर येते. सूर्य वळला याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. ढग असले, आणि बहुधा असतातच, तर नुसतीच उभी राहते.

सकाळ मात्र धुंधुरमासाची. गावी या महिन्यात सूर्योदयाआधी नैवेद्य दाखवायचा म्हणून आई पहाटे चारला चूल पेटवायची. इथे आठला उठले तरी स्वयंपाकाला वेळ उरतो. धुंधुरमास जणू याच अक्षांशासाठी नेमला होता, असं मला मनापासून वाटतं. मुगाची खिचडी, लोणी, गूळ, भरीत आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी.

भाकरीचं सांगायलाच हवं, कारण बऱ्याच जणी विचारतात. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून आणल्याबरोबर फ्रीजरमध्ये टाका. दुकानातल्या जुन्या पिठाला विरी नसते, थापताना ते तुटतं. त्यात उकळतं पाणी घालून, झाकून, कोमट झालं की भरपूर मळा. एका वेळी एकाच भाकरीपुरतं. काचेच्या शेगडीवर जाळ नाही, तेव्हा वरच्या बाजूला पाणी फिरवून ती बाजू पूर्ण सुकायच्या आत उलटा, आणि दुसरी बाजू भाजली की पुन्हा उलटून कडेकडेने फडक्याने दाबत राहा. तवा बिडाचाच हवा. पातळ तव्यावर भाकरी फुगत नाही, करपते.

13 डिसेंबरला इथे लुसिया असते. डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी, मागे पांढऱ्या झग्यांतली मुलं, केशराचे पाव. जुन्या पंचांगानुसार तीच वर्षातली सर्वांत मोठी रात्र मानत. गाणी ऐकून माझा गळा दरवेळी भरून येतो. तरीही सूर्य खरोखर वळतो त्या दिवशी माणसांनी घरात बसावं, हे मला पटत नाही. यंदा शेजारच्या मुलांना मोजपट्टी घेऊन तळ्यावर बोलावलं आहे. भाकरी त्यांनाही देणार आहे, गूळ-लोण्यासकट.