खोक्यातला माल

प्रिय बायो,



आपल्या रेकॉर्डच्या दुकानाची तुझी एक्सेलची यादी मिळाली. फोनवर अक्षरं दिसेनात म्हणून समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. 41 पानं झाली. शेवटच्या रकान्यात तू ‘शेवटची विक्री कधी’ मांडलं आहेस, आणि पाच वर्षांत जे हललं नाही ते लाल केलं आहेस. छापील प्रतीत लाल सगळं काळं आलंय. निम्मं दुकान काळं आहे.

हिशेब तुझा चुकलेला नाही. चाळ पाडणार हे आता नक्की. बिल्डर जे भाडं देणार, त्यात गिरगावात आत्ताच्या निम्मी जागासुद्धा मिळायची नाही. माल अर्धा करायलाच हवा. फक्त कुठला अर्धा, एवढ्यापुरतं माझं ऐक.

केसरबाईंची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी होती, आणि तिच्यात भारताचं एकच गाणं, आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी. यानं उडाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. इथपर्यंत सगळे सांगतात. ती रेकॉर्ड मिळाली कुठे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत-अभ्यासकाने तिचा आग्रह धरला होता, पण बाजारात ती नव्हती. केसरबाईंनी मुळात रेकॉर्डिंग दिलं थोडं, आणि पुढे तेही बंद केलं. यानाच्या तबकडीचं काम बघणाऱ्या अ‍ॅन ड्रूयान न्यूयॉर्कमध्ये शोधत राहिल्या. शेवटी लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, कापड टाकलेल्या एका टेबलाखाली धूळ खात पडलेलं खोकं निघालं. आत तीन प्रती होत्या, न उघडलेल्या.

तुझ्या यादीत ते खोकं लाल झालं असतं.

त्या दुकानदाराला मी पाहिलेलं नाही, पण पुरता ओळखतो. त्याने ते जपून वगैरे ठेवलं नसणार. विसरला असणार. आपल्या धंद्यातली निम्मी पुण्याई विसरण्यातूनच येते.

(जाता जाता: ती यानावरची तबकडी मिनिटाला 16⅔ फेऱ्यांची आहे. आपल्या जुन्या प्लेअरवर 78, 45, 33 च्या जोडीला 16 चा खटका आहे ना, तो कशाला, असं तू लहानपणी विचारायचीस. मी ‘बिघडला आहे’ म्हणून वेळ मारून न्यायचो.)

आता जे कुणापुढे बोलत नाही ते लिहितो. अण्णांनी संगीताच्या प्रेमापोटी दुकान टिकवलं, असं लोक म्हणतात. प्रेम होतंच. पण दुकान टिकलं ते पागडीने. महिना 212 रुपये भाडं! त्या भाड्यात खोकं वीस वर्षं पडून राहू शकतं. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस 1948 पासूनचं, तेही 2016 साली बंद झालं. तिथे काय प्रेम कमी होतं? आपण काही त्यांच्याहून शहाणे नव्हतो.

आणि गिऱ्हाईक तरी कोण, तर लाउडस्पीकरवाले. गणपतीच्या आधी पंधरा दिवस ते आरत्यांच्या आणि सिनेमाच्या रेकॉर्डी उचलायचे, दसऱ्यापर्यंत त्या झिजून पांढऱ्या व्हायच्या, की पुन्हा हजर. शास्त्रीय संगीत घेणारे तासभर ऐकायचे, चहा प्यायचे, आणि ‘पगार झाला की येतो’ म्हणायचे. पुढे आम्ही कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायला लागलो. लोक वहीच्या पानावर यादी आणायचे. ते कायद्यात बसत नव्हतं. तुझी इंजिनिअरिंगची फी मात्र त्यातल्याच पैशातून भरली, म्हणून त्याबद्दल फार उपदेश करू नकोस.

1986 ची गोष्ट. कॅसेटच्या मांडणीला जागा हवी होती. अण्णा गावाला गेले होते. मी 78 च्या तबकड्यांची एक हातगाडी भरली आणि भंगारवाल्याला वजनावर दिली. लाखेच्या त्या, जड. गाडी ढकलायला दोन माणसं लागली. अण्णा परत आले. विचारलं, “किती किलो भरलं?” मी आकडा सांगितला. “आणि यादी?”

यादी केली नव्हती. ते जेवायला बसले. पुन्हा विषय नाही.

आज कुणी येऊन वडाळ्याच्या यंग इंडिया लेबलची एखादी नक्कल, एखादा पोवाडा मागतो, तेव्हा मला ‘आमच्याकडे नव्हती’ असंही छातीठोक सांगता येत नाही. तुझ्या 41 पानांचं म्हणूनच मला अप्रूप आहे. मी केलं त्याहून तू चांगलं केलं आहेस.

तेव्हा असं करू. सीड्या सगळ्या काढ, मला विचारूसुद्धा नकोस. ज्या सिनेमांच्या नऊ-नऊ प्रती आहेत त्यातल्या दोन ठेव. तुझे ते ब्लूटूथवाले प्लेअर आणि दोन-अडीच हजारांच्या नव्या एलपी पुढच्या काचेत लाव. मला आवडत नाहीत, पण परवा कॉलेजातल्या दोन मुली घेऊन गेल्या, आणि जाताना आतल्या फळ्या बघत राहिल्या. लाल रंगातल्या बाकीच्या मात्र एकेक हातात घ्यायच्या. कारण तुझ्या त्या मदतनीस मुलाने यादी पाकिटं बघून केली आहे. पाकिटावर एक आणि आत दुसरीच, असं आपल्याकडे शेकड्यांनी निघेल. लोक ऐकायला मागायचे, आम्ही घाईत मिळेल त्या पाकिटात सरकवायचो. म्हणजे तुझ्या त्या शेवटच्या रकान्यातल्या कितीतरी तारखा भलत्याच रेकॉर्डींच्या आहेत.

रविवारी सकाळी ये. मऊ फडकी आणि डिस्टिल्ड वॉटर आण. सॅनिटायझर मुळीच नको. स्पिरिटने लाख विरघळते, 78 ची तबकडी पुसता पुसता हाताला काळी लागेल.

आणि पान 17 वर खालून चौथी ओळ बघ, मी पेन्सिलीने गोल केला आहे. ‘लेबल फाटलेलं, नाव नाही, 1 नग.’ लाल. ती अजून कुणी वाजवूनच पाहिलेली नाही.

तुझा,
काका