लेखणीची लुडबूड

मनुष्यास एकापेक्षां अधिक छंद असावेत, असें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें सांगत आलों आहों. एक छंद दुसऱ्याच्या आड येत नाहीं. तिकिटें जमविणारा मुलगा क्रिकेटहि खेळूं शकतो आणि बुलबुलतरंगहि वाजवूं शकतो. या नियमास एकच अपवाद आम्हांस ठाऊक आहे, व तो लेखनाचा. हा छंद पाहुणा म्हणून घरांत येतो आणि थोड्याच दिवसांत इतर पाहुण्यांच्या ताटांत हात घालूं लागतो.

आम्हांस बागकामाची आवड आहे, पेटी थोडीशी वाजवितां येते, आणि सुटीच्या दिवशीं बुद्धिबळाचा पट मांडावा असें वाटतें. या सर्वांत लेखणीनें कमीअधिक लुडबूड केलेली आहे. गुलाबाची छाटणी करतांना ‘छाटणी’ या विषयावर निबंध कसा होईल, हा विचार मनांत येतो, आणि फांदी डोळ्याच्या वर कापावी कीं खालीं, इकडील लक्ष उडतें. हरलेला डाव जिंकलेल्या डावापेक्षां लिहावयास बरा, असें ज्यास वाटूं लागलें, त्याच्याशीं खेळण्यांत प्रतिपक्षास तरी काय मौज येणार! परंतु हे किरकोळ उपद्रव होत. खरी पंचाईत होते ती पक्षी पाहण्याच्या छंदांत.

पावसाळ्यांत रविवारची उपासना आटोपली कीं आम्ही गांवाबाहेरील एका जुन्या विहिरीवर जातों. तिच्यावर ओणवलेल्या बाभळीस सुगरण पक्ष्यांचीं घरटीं लोंबत असतात. आतां ‘सुगरण’ हा शब्दच पाहा. तो स्त्रीलिंगी आहे, आणि थेट स्वयंपाकघरांतून आलेला आहे. पक्ष्याचें नांव ठेवतांनाच आमच्या भाषेनें एक गोष्ट रचून टाकली, कीं आई पिलांसाठीं घर विणते. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचीं गाणीं त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. त्यांनींहि आपल्या प्रसिद्ध गाण्यांत खोप्याचें श्रेय मादीलाच दिलें आहे, आणि मराठी मुलखांत तें गाणें ज्यानें ऐकलें नाहीं असा मनुष्य विरळा.

विहिरीच्या कांठावर बसून पाहावें, तों चोंचींत गवताची लांब पट्टी घेऊन येणाऱ्या पक्ष्याचें डोकें पिवळेंधमक असतें. म्हणजे तो नर. मादी चिमणीसारखी मळकट, आणि ती विणीत नाहीं. नर अर्धें घरटें, उलट्या शिरस्त्राणासारखें, विणून थांबतो व त्यास लोंबकळून पंख फडफडवितो. माद्या येतात, आंत शिरून पाहणी करतात. एखादीस तें पसंत पडलें तर तो अंड्यांची जागा आणि खालची नळी पुरी करतो. न पडल्यास घरटें पुष्कळदां तसेंच अपुरें राहतें. मादी नांदूं लागली कीं हे गृहस्थ शेजारींच दुसरें घरटें विणावयास घेतात, तें दुसऱ्या मादीसाठीं! अंडीं उबविण्याचें काम पहिलीनें एकटीनें करावयाचें. अलिबागेजवळील किहीम येथें सालिम अली यांनीं हा सारा संसार डोळ्यांनीं पाहिला आणि १९३१ सालीं तो छापून प्रसिद्ध केला.

हें सर्व ठाऊक असूनहि, बाभळीकडे दृष्टि गेली कीं मनांत प्रथम उठतें तें मातृप्रेमाचेंच वाक्य. तें फार गोड असतें, आणि पक्षी दिसण्याच्या आधींच तयार असतें. त्यास दटावून गप्प बसवावें, तों त्या अपुऱ्या घरट्यांकडे पाहून दुसरें सुचतें: नाकारलेल्या श्रमांचें, ओसाड राहिलेल्या आशेचें वगैरे. तें जुळवीत असतां मादी आंत शिरते, पाहणी करते आणि निघूनहि जाते. ती कां निघून गेली, हें पाहावयासच तर आम्ही आलों होतों.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडांतील सेलबोर्न गांवच्या गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाचें. त्यानें १७५१ पासून आपल्या बागेचीं टिपणें ठेविलीं, आणि एकमेकांसारखे दिसणारे तीन लहान पक्षी केवळ त्यांच्या आवाजांवरून वेगळे ओळखले. त्याचें पुस्तक निघालें तें १७८९ सालीं, त्याची साठी उलटून गेल्यावर. या मनुष्याचे दोन्ही छंद एका घरांत सुखानें नांदले, याचें कारण आमच्या मतें हेंच, कीं वाक्यास दाराबाहेर ताटकळत ठेवण्याची त्यास घाई नव्हे तर संवय होती. वार्षिक अंकाच्या संपादकांस मात्र लेख नाताळापूर्वीं हवा असतो!

विहिरीवर आमच्याबरोबर एक सेवानिवृत्त पोस्टमन येतात. वयानें आमच्याहून वडील. आम्ही त्यांस काका म्हणतों, ते आम्हांस मास्तर म्हणतात. ते बसण्यापूर्वीं नेहमी विचारतात, “मास्तर, वही आणली आहे काय?” आणली आहे म्हटलें, कीं त्या दिवशीं बोलणें पक्ष्यांविषयीं होतें. आणली नाहीं म्हटलें, तर ते आपल्या घरचें बोलतात. त्यांच्या पत्नीच्या अखेरच्या वर्षाविषयीं आम्हीं जें ऐकलें तें सारें अशाच वहीवांचून गेलेल्या सकाळीं. तेवढें चांगलें साहित्य आमच्या हातीं दुसरें आलेलें नाहीं, आणि त्यांतील एक शब्दहि येथें किंवा अन्यत्र येणार नाहीं. खरें सांगावयाचें तर आतां आम्ही वही बहुधा घरींच ठेवतों. लेखनाच्या दृष्टीनें हा तोटा आहे, व तो लहान नाहीं.

परंतु वही नाहीं म्हणजे मोजणीहि नाहीं. आणि मोजणी नसेल तर गेल्या वर्षापेक्षां घरटीं वाढलीं कीं घटलीं, हें कसें कळावें? यावर काकांनींच तोड काढली. जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर ते स्वतः आंकडे मांडतात: पुरीं घरटीं नऊ, अपुरीं पांच, पाऊस बारीक. विशेषणें ते वापरीत नाहींत. विहिरीच्या धन्याचीहि एक अट आहे, कीं ठिकाण छापावयाचें नाहीं, कारण शोभेसाठीं घरटीं तोडून नेणारे लोक लगेच येतात. म्हणून विहीर कोठें आहे हें वाचकांनीं आम्हांस विचारूं नये. येत्या रविवारीं उघडीप असली तर आम्ही दोघे जाऊं. लिफाफा काकांच्या खिशांत असेल.